मीटिंग संपली, रेकॉर्डिंग कोणाकडे?

सप्टेंबर आला की सातारा-सांगलीत सभांचा हंगाम सुरू होतो. सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. साखर कारखाना, विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, सगळ्यांच्या सूचना एकापाठोपाठ एक येऊन पडतात. कोविडच्या काळात राज्य सरकारने या सभा ऑनलाइन घ्यायला मुभा दिली आणि सभासद उसाच्या बांधावर उभा राहून मोबाइलवर अहवालवाचन ऐकू लागला. साथ सरली, मंडपातल्या सभा परत आल्या, पण ऑनलाइन बैठकीची सवय काही सुटली नाही. पाटण-जावळीकडचे मुंबईकर यात्रेची वर्गणी झूमवर ठरवतात. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरले आहेत, त्यांना गावच्या बैठकीला बसायचा हाच एक सोयीचा मार्ग. शिकवण्या, बचत गटांची प्रशिक्षणं, कृषी खात्याची मार्गदर्शनं तर आता सर्रास ऑनलाइनच.

आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हमखास एक मेसेज पडतो, "कालच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग टाका रे कुणीतरी." खाली दहा जणांचे अंगठे उमटतात, रेकॉर्डिंग मात्र येत नाही. मग "डाउनलोड कसं करायचं" याचे व्हिडिओ बघणं सुरू होतं. खरं तर आधी विचारायला हवं ते वेगळंच, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं कोणी आणि कोणाच्या खात्यावरून? एवढं कळलं की निम्मा शोध संपतो. ते विचारलं जात नाही, कारण याबाबतीत आपल्याकडे बरेच गैरसमज पक्के बसले आहेत.

"लिंक आहे ना माझ्याकडे, त्यातच असेल"

नसतं. मीटिंगची लिंक म्हणजे मंडपाचा पत्ता. सभा उठल्यावर त्या पत्त्यावर जाऊन सभेत कोण काय बोललं ते ऐकू येणार नाही. रेकॉर्डिंग झालं असेल तर त्याची फाइल वेगळी असते, तिची लिंकही वेगळी असते, आणि ती रेकॉर्डिंग करणाऱ्याने पाठवल्याशिवाय तुमच्यापर्यंत येत नाही.

याच्याच पोटातला दुसरा समज म्हणजे सगळ्या मीटिंगा आपोआप रेकॉर्ड होतात आणि कंपनीच्या सर्व्हरवर कुठेतरी पडून असतात. तसं काही होत नाही. कोणीतरी बटण दाबावं लागतं, किंवा मीटिंग बोलावणाऱ्याने सेटिंगमध्ये आपोआप रेकॉर्डिंग चालू करून ठेवलेलं असावं लागतं. झूमवर हा अधिकार मुळात होस्टचा. इतरांना त्याने परवानगी दिली तरच ते करू शकतात. रेकॉर्डिंग सुरू झालं की झूम, मीट आणि टीम्स तिन्ही ठिकाणी पडद्यावर तशी सूचना येते. पूर्ण सभेत अशी सूचना एकालाही दिसली नसेल, तर रेकॉर्डिंग झालेलंच नाही असं धरून चाला आणि शोध थांबवा.

"झूमचं रेकॉर्डिंग झूमकडे असतं"

हा समज सगळ्यात जास्त नडतो, म्हणून जरा सविस्तर.

झूमवर रेकॉर्डिंगचे दोन प्रकार आहेत. पैसे भरून घेतलेल्या खात्यावर ते क्लाउडमध्ये, म्हणजे झूमच्या सर्व्हरवर ठेवता येतं. होस्टने झूमच्या वेबसाइटवर लॉगिन केलं की डावीकडे 'रेकॉर्डिंग्ज' नावाचा भाग असतो, तिथून ते बघता आणि उतरवून घेता येतं. मीटिंग संपताक्षणी ते तिथे दिसत नाही. तयार व्हायला वेळ लागतो आणि तयार झालं की होस्टला ईमेल येतो. सभा संपल्यावर पाच मिनिटांत "रेकॉर्डिंग गायब झालं" अशी ओरड होते ती यामुळेच.

फुकटच्या खात्याला मात्र क्लाउड नाही. तिथलं रेकॉर्डिंग ज्या कॉम्प्युटरवरून केलं त्याच कॉम्प्युटरच्या पोटात जातं. 'डॉक्युमेंट्स' उघडा, त्यात 'झूम' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक मीटिंगचं तारीख, वेळ आणि नाव घातलेलं वेगळं फोल्डर. कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह चालू असेल तर हेच 'डॉक्युमेंट्स' वनड्राइव्हच्या आत सरकलेलं असू शकतं, तिथेही बघा. आपल्या गावच्या संस्थांच्या बहुतेक बैठका फुकटच्या खात्यावर होतात. त्यामुळे तुमच्या सभेचं रेकॉर्डिंग अमेरिकेतल्या सर्व्हरवर नसून संस्थेच्या कार्यालयातल्या धूळ बसलेल्या कॉम्प्युटरवर असण्याची शक्यता फार मोठी. तो कॉम्प्युटर मध्यंतरी फॉरमॅट केला असेल, तर झूमला ईमेल पाठवून काहीही उपयोग नाही. त्यांच्याकडे ते कधी गेलेलंच नव्हतं.

त्या फोल्डरमध्ये व्हिडिओऐवजी 'डबल क्लिक टू कन्व्हर्ट' अशा नावाची फाइल दिसली तर हबकून जाऊ नका आणि ती पुसूनही टाकू नका. मीटिंग चालू असताना झूम कच्चा माल साठवतं आणि मीटिंग संपल्यावर त्याची एमपी4 फाइल बनवतं. आपल्याकडे आभारप्रदर्शन झालं की लगेच कॉम्प्युटर बंद करायची घाई असते, आणि ही फाइल बनायचं काम अर्ध्यात तुटतं. नाव सांगतं तेच करायचं, तिच्यावर डबल क्लिक करायचं आणि काम पुरं होईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तोपर्यंत त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदलायची नाहीत, जागाही हलवायची नाही. 'वार्षिक सभा' असं छान नाव द्यायच्या उत्साहात रेकॉर्डिंग कायमचं जाऊ शकतं.

फुकटच्या मीटिंगची 40 मिनिटांची मर्यादा सगळ्यांना तोंडपाठ आहे. मीटिंग तुटते, सगळे त्याच लिंकवरून परत आत येतात, चर्चा पुढे चालू. पण रेकॉर्डिंगच्या दृष्टीने ती नवी मीटिंग. बटण पुन्हा दाबावं लागतं आणि फोल्डरही नवं तयार होतं. "अर्धीच सभा रेकॉर्ड झाली" अशी तक्रार आली की आधी शेजारचं फोल्डर उघडून बघावं. तिथेही नसेल तर दुसऱ्या वेळी बटण दाबायचं राहून गेलं, बाकी काही नाही.

होस्टने मीटिंग मोबाइलवरून घेतली असेल तर प्रश्नच मिटला. मोबाइलच्या झूम ॲपमधून फोनमध्ये रेकॉर्डिंग साठवता येत नाही. पैसे भरलेलं खातं असेल तर ते क्लाउडमध्ये जातं. गॅलरीत शोधू नये.

"मीटवर तर पूर्वी व्हायचं, आता कंपनीने बंद केलं"

या समजाला थोडा आधार आहे. मार्च 2020 मध्ये गुगलने कार्यालयांच्या आणि शाळा-कॉलेजांच्या खात्यांसाठी रेकॉर्डिंगसारख्या महागड्या सोयी तात्पुरत्या खुल्या केल्या आणि ती मुदत पुढे 30 सप्टेंबर 2020 पर्यंत वाढवली. ऑनलाइन वर्ग ऐन भरात होते ते हेच दिवस. शिक्षकांनी तेव्हा रेकॉर्डिंग केलं, तीच आठवण डोक्यात राहिली. पण साध्या, फुकटच्या जीमेल खात्यावर मीटचं रेकॉर्डिंग तेव्हाही नव्हतं. शाळांना मिळणाऱ्या मोफत आवृत्तीतही ते धरलेलं नाही, त्यासाठी वरची आवृत्ती लागते. म्हणून एका कॉलेजात बटण दिसतं आणि दुसऱ्यात नाही. मास्तरांना जमत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

रेकॉर्डिंग झालं असेल तर ते मीटिंग ठेवणाऱ्याच्या गुगल ड्राइव्हमध्ये 'मीट रेकॉर्डिंग्ज' नावाच्या फोल्डरमध्ये जातं. त्याला आणि ज्याने बटण दाबलं त्याला लिंकचा ईमेल येतो. मीटिंग गुगल कॅलेंडरवर ठेवली असेल तर त्या नोंदीलाही लिंक चिकटते, आणि ही जागा बघायचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कोणी चुकून पुसलं असेल तर ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते 30 दिवस राहतं. झूमच्या क्लाउडचा हिशोबही तोच, 30 दिवस.

टीम्सची गंमत वेगळी. तिथे रेकॉर्डिंग वनड्राइव्हच्या 'रेकॉर्डिंग्ज' फोल्डरमध्ये जातं, चॅनेलवर मीटिंग घेतली असेल तर शेअरपॉइंटमध्ये. आणि त्याला मुदत असते, संस्थेने सेटिंग बदललं नसेल तर साधारण 120 दिवस. शैक्षणिक संस्थांच्या मोफत आवृत्तीत तर 30 दिवसच. जूनमधलं व्याख्यान दिवाळीनंतर परीक्षेच्या तोंडावर बघू म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडत नाही; ते कोणी मुद्दाम काढलेलं नसतं, मुदत संपलेली असते.

"डाउनलोडचं बटण दिसत नाही, ॲप जुनं असेल"

ॲप अपडेट करून काही होणार नाही. बघायची परवानगी आणि उतरवून घ्यायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होस्ट दुसरी बंद ठेवू शकतो आणि बरेच जण ठेवतात. त्याला एक मेसेज करून मागणं हा सरळ रस्ता.

आडरस्ता मात्र महागात पडतो. "कोणतंही मीटिंग रेकॉर्डिंग डाउनलोड करा" असं सांगणाऱ्या वेबसाइट आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइली यांच्यापासून चार हात लांब राहा. लग्नपत्रिकेच्या, ट्रॅफिक चलनाच्या नावाखाली एपीके पाठवून बँक खाती साफ झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मीटिंगचं रेकॉर्डिंग एपीके स्वरूपात कधीच नसतं. ते व्हिडिओ असतं किंवा लिंक.

"मग मी स्क्रीन रेकॉर्डिंगच करतो," असं तरुण मंडळी म्हणतात. करून बघा आणि लगेच तपासा, कारण अँड्रॉइड फोनवर बऱ्याचदा चित्र येतं आणि आवाज येत नाही. अँड्रॉइड गाणी, व्हिडिओ, गेम यांचा आवाज रेकॉर्डरला देतं, पण संभाषण म्हणून चाललेला आवाज देत नाही. गोपनीयतेसाठी ती व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. दोन तासांची मुकी सभा पदरात पडते. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलला तर रेकॉर्डिंगची सोयच नाही आणि कॉलची प्रत कुठे साठतही नाही.

रेकॉर्डिंग हाती आलंच, तर ग्रुपवर टाकताना व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका. व्हिडिओ म्हणून टाकलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि ताळेबंदाचे आकडे वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

"रेकॉर्डिंग मिळालं की पुरावा झाला"

कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा-सांगलीची प्रकरणं तिकडे चालू लागली. सुनावणी व्हिडिओवर असली तर ती घरी बसून रेकॉर्ड करून ठेवता येईल, असं काहींना वाटतं. तसं करता येत नाही. न्यायालयाच्या परवानगीशिवाय कामकाज रेकॉर्ड करायला नियमाने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट दाखवायला सुरुवात केली, ते न्यायालयाने स्वतः दाखवणं झालं. प्रेक्षकाला त्यातून रेकॉर्डिंगची मोकळीक मिळत नाही.

संस्थेच्या सभेबाबत वाद झाला आणि तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने मिळालेलं रेकॉर्डिंग असलं, तरी नुसता पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून भागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ फाइलला कात्री लावू नका. तेवढाच मुद्द्याचा तुकडा कापून ठेवणारे पुढे अडचणीत येतात.

आणि रेकॉर्डिंग मिळालंच नाही तर? सभासदाचे हात तरीही बांधलेले नसतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 नुसार सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त कार्यालयीन वेळेत विनामूल्य बघता येतं आणि लेखी मागणी करून, ठरलेली फी भरून त्याची प्रत घेता येते. प्रत देण्यासाठी संस्थेला एक महिन्याची मुदत आहे. रेकॉर्डिंगच्या मागे पळताना हा जुना, खात्रीचा हक्क लोक विसरतात.

चेअरमन, सचिव, सरपंच, मंडळाचे अध्यक्ष, ज्यांच्या नावाने बैठकीची सूचना निघते त्यांना एकच विनंती. पुढच्या सूचनेत विषयपत्रिकेखाली एक ओळ घाला: रेकॉर्डिंग कोण करणार, कुठे ठेवणार आणि सभासदांना कधीपर्यंत मिळणार.