जाड कापडावर टाके सुटतात? मिस्त्री बोलवायच्या आधी सुई बघा

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर घरोघरच्या शिलाई मशीनवर दप्तरं, जीन्स अशी जाड कामं येतात. ब्लाऊजला झकास चालणारं मशीन जीन्सच्या जोडावर आलं की टाके सोडतं, दोरा तोडतं. मग मशीन बिघडलं म्हणून शटल खोललं जातं, आणि तिथंच खर्च वाढतो.

बहुतेक वेळा दोष सुईचा असतो. ब्लाऊजची ११ किंवा १४ नंबरची सुई जाड थरात शिरताना किंचित वाकते. शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही, टाका सुटतो. जीन्सला १६, त्याहून जाड कापडाला १८ नंबर लावावा. सुई पार वरपर्यंत सरकवावी, चपटी बाजू आधीच्या सुईसारखीच ठेवावी.

कापडाखाली गुंता होतो तेव्हा सगळे बॉबिनवर घसरतात. खरं तर वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. फूट वर उचलूनच दोरा ओवावा, तेव्हाच चकत्या मोकळ्या असतात.

जोडावर चढताना फूट तिरपं होतं. त्याच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवावी, टाका मोठा करावा अन् चाक हातानं फिरवून जोड पार करावा. कापड ओढू नये. सुई मोडून तुकडा डोळ्यात उडतो.

नवी सुई लावूनही साध्या कापडावर टाके सुटले, तर शटलचं टायमिंग बघावं लागतं. ते मिस्त्रीचं काम. ताडपत्रीचे चार-सहा पदर मात्र घरच्या मशीनवर घेऊच नयेत, मोटर जळाली तर शिलाईच्या पैशात भागत नाही.