पऱ्हाटीवरच्या ढेकणांचं दशक

चोपडा, धरणगाव, पारोळा हा कपाशीचा मुलूख. तिथं आता बांधामागून बांध मका उभा दिसतो. ‘पऱ्हाटी परवडत नाही, भाऊ,’ असं जो तो सांगतो. भाव, मजुरी, गुलाबी बोंडअळी ही कारणं खरीच आहेत. पण ही पीछेहाट मला 2002 ते 2012 या दशकात सुरू झालेली दिसते, आणि तिच्या मुळाशी एक दुर्लक्ष आहे. पिकावरची कीड कोणत्या कुळातली, हे आपण विचारलंच नाही.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. विल्यम डिस्टंट यांनी 1902 पासून हिंदुस्थानातल्या ढेकूणवर्गी कीटकांवर जाडजूड खंड काढले, ते ग्रंथालयांत राहिले. ऐंशीच्या दशकात पायरेथ्रॉइड औषधं आली. बोंडअळी दबली आणि पांढरी माशी वाढली. इशारा तेव्हाच मिळाला होता.

मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीचं प्रथिन काम करतं ते बोंडअळीसारख्या, कुरतडून खाणाऱ्या अळीच्या आतड्यात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल ढेकूण हे सारे हेमिप्टेरा गणातले, सोंड खुपसून रस ओढणारे. त्यांना बीटीची झळ लागणारच नव्हती. अळीसाठीच्या फवारण्या घटल्या आणि त्यांना रान मोकळं झालं. तरी ‘आता कीडच नाही’ असं सांगून पाकिटं खपवली गेली. याचा राग मला आजही आहे.

वर्गातही हाल होतेच. मावा-तुडतुडे ‘होमोप्टेरा’त आणि ढेकूण ‘हेटेरोप्टेरा’त, अशी यादी पाठ करून घेतली जाई. 1995 च्या सुमारास जनुकीय अभ्यासांनी होमोप्टेरा हे एक कुळ नाहीच, हे दाखवून दिलं होतं. मावा, पांढरी माशी, पिठ्या एका शाखेचे, तुडतुडे दुसऱ्या, खरे ढेकूण तिसऱ्या. पाठ्यपुस्तकांत मात्र जुनी विभागणी पुढं कितीतरी वर्षं टिकली.

शाखा वेगळी तसा बचावही वेगळा, आणि फवारणाऱ्याला नेमकं हेच कळायला हवं होतं. हिरवा ढेकूण बोटात धरा, छातीखालच्या ग्रंथींतून उग्र वासाचं रसायन सुटतं. त्यातली अल्डिहाइडं कोथिंबिरीतल्यांच्याच घराण्यातली. पिलांच्या या ग्रंथी पाठीवर असतात. माव्याला धक्का लागला की पाठीमागच्या दोन नळ्यांतून थेंब येतो आणि त्या वासानं शेजारचे मावे पानावरून खाली पडतात. पिठ्या ढेकूण तर मेणाच्या भुकटीखाली बसतो. फवाऱ्याचं पाणी त्यावरून ओघळून जातं आणि चिकट्याला भुललेले मुंगळे त्याची राखण करतात.

हाच अमेरिकन पिठ्या 2006 नंतर देशभर कपाशीवर पसरला, गाजरगवतावर वाढला. जहाल औषधांचे डबे रिकामे झाले. त्याला आवरण्यात मोठा वाटा होता तो त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या इनासियस या चिमुकल्या गांधीलमाशीचा, आणि त्याच औषधांनी आपण तिलाही मारत होतो. उमललेल्या बोंडात सरकीचा रस शोषणाऱ्या लाल ढेकणाचंही तेच. अँटिलोकस हा त्याच्याच कुळातला, दिसायलाही लालच. पण तो लाल ढेकणांनाच खातो. लाल दिसलं की पंप, या सवयीनं मित्रही गेला.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं दोन जनुकांच्या दुहेरी बीटीलाही दाद दिली नाही. त्याच हंगामात यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली.

ज्यांच्या शेतात अजून कपाशी उभी आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे : पंप पाठीवर घेण्याआधी पानं उलटून पाहा. पानामागं सरासरी दोन-तीनपेक्षा कमी तुडतुडे असतील, तर त्यांच्यासाठी फवारू नका. आणि धुळे-जळगावच्या कृषी खात्यानं प्रत्येक औषध दुकानात अँटिलोकस आणि लाल ढेकूण यांची चित्रं शेजारी-शेजारी लावावीत.