सारणीतील बिघाड आणि त्याचा शोध

मार्चअखेरीस देयके निकाली काढण्याची लगबग चालू असता संगणकाच्या पडद्यावर एकाएकी इशारा उमटतो आणि नोंद पुढे सरकत नाही. कर्मचारी पुनःपुन्हा कळ दाबतो, ठेकेदार ताटकळतो आणि दोष देयकाला दिला जातो. वास्तविक अनेकदा दोष देयकात नसून ते ज्या सारणीत साठवावयाचे, त्या सारणीत असतो.

लेखा, भांडार, वेतन असा सारा कारभार एकाच संगणक प्रणालीवर चालविण्याची पद्धत मोठ्या संस्थांत रूढ झाली आहे. जर्मनीत १९७२ साली स्थापन झालेल्या सॅप कंपनीची प्रणाली त्यांतील एक प्रमुख होय. बृहन्मुंबई महानगरपालिकेनेही ती स्वीकारली. या प्रणालीच्या मुळाशी हजारो सारण्या असतात. ओळी व रकाने यांच्या सारण्यांवर डेटाबेस उभारण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. गाव नमुन्यांच्या नोंदवह्या हाताळणाऱ्यांस ती परकी वाटू नये.

काही बिघाड साधे असतात. एकाच क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा होऊ लागली की डेटाबेस ती नाकारतो. सारणीसाठी राखलेली जागा संपली, तर ती वाढवून द्यावी लागते. एखाद्याचा संपर्क मध्येच तुटल्यास त्याने उघडलेल्या नोंदीवरील कुलूप तसेच राहते. ते 'एसएम१२' या आदेशाने दिसते. मात्र त्या नोंदीवर खरोखर कोणी काम करीत नाही, याची खात्री झाल्यावाचून ते काढू नये.

खरी कसोटी लागते ती सारणीच्या रचनेत फरक पडतो तेव्हा. सॅपमध्ये सारणीचे वर्णन प्रणालीच्या कोशात असते आणि प्रत्यक्ष सारणी डेटाबेसमध्ये असते. नवा रकाना कोशात आला, पण डेटाबेसपर्यंत पोहोचला नाही, तर दोहोंचा मेळ बसत नाही. तो बसविण्याचे साधन म्हणजे 'एसई१४'. येथे माहिती राखून दुरुस्ती करावयाची की माहिती पुसून, असे दोन पर्याय पुढे येतात. घाईत दुसरा निवडला गेला, तर सारणी नीट होते खरी, पण रिकामी!

याहून नाजूक प्रसंग म्हणजे रूपांतर अर्धवट थांबणे. मोठ्या बदलाच्या वेळी जुनी माहिती 'क्यूसीएम' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या तात्पुरत्या सारणीत ठेवली जाते. काम मध्येच थांबल्यास काही वेळा संपूर्ण माहितीची तेवढी एकच प्रत उरलेली असते. नाव अनोळखी म्हणून ती सारणी पुसून टाकणारा अतिउत्साही तंत्रज्ञ लाखो नोंदी गमावू शकतो. अशा वेळी थांबण्याचे कारण शोधून ते दूर करावयाचे आणि रूपांतर जेथे थांबले तेथून पुढे चालू करावयाचे, हाच योग्य मार्ग होय.

म्हणूनच पडद्यावरील संदेश शब्दशः उतरवून घेणे, वेळ व वापरकर्त्याचे नाव नोंदविणे ही कार्यालयाची पहिली जबाबदारी ठरते. 'प्रणाली बंद आहे' एवढ्या तक्रारीवरून तंत्रज्ञास काहीच उमगत नाही. कार्यक्रम कोठे कोसळला याचा तपशील 'एसटी२२' मध्ये मिळतो. दुरुस्तीपूर्वी माहितीची प्रत काढलेली असावी आणि नंतर नोंदींची संख्या व रकमांची बेरीज पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावी. बिघाडाच्या वेळी अर्धवट राहिलेले व्यवहार 'एसएम१३' मध्ये दिसतात. ते पुन्हा चालवावयाचे की नव्याने नोंदवावयाचे, हे तंत्रज्ञाने एकट्याने न ठरविता लेखाधिकाऱ्याच्या संमतीने ठरवावे. अन्यथा एकच रक्कम दोनदा अदा होण्याचा संभव असतो.