दाणापाणी (भाग ९) : चाकणच्या कांद्याची पत्ती

कोंबडीच्या खाद्यातल्या हळदीच्या मात्रेचं गणित या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं. ते लांबलं, आणि त्याला कारण खेड तालुक्यातून आलेलं एक पत्र. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांची ५,००० पक्ष्यांची शेड आहे. चाकणला बाजार समितीच्या महात्मा फुले मार्केटमध्ये कांद्याची प्रतवारी झाली की मागे पत्तीचे ढीग उरतात आणि कुणी मागितली तर ती फुकट मिळते. मग विकतच्या हळदीपेक्षा हीच का घालू नये बॉयलरच्या खाद्यात, असा त्यांचा सरळ प्रश्न.

(छापताना ‘ब्रॉयलर’ लिहायचं असतं. शेडवर मात्र ‘बॉयलर’च ऐकू येतं, आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली उभं राहिलं की तोच उच्चार बरोबर वाटतो.)

प्रश्न वेडगळ नाही. कांद्याच्या वरच्या वाळक्या, तांबूस पत्तीत क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य आतल्या गरापेक्षा कितीतरी जास्त असतं. दाह शमवणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांत हळदीतल्या कुरकुमिनच्या बरोबरीनं त्याचं नाव घेतात. पांढऱ्या कांद्यात ते जवळपास नसतंच. चाकणहून नाशिकच्या दिशेनं थोडं पुढे गेलं की राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय लागतं. ही संस्था १९९८ साली नाशिकहून इथं आली. तिच्या वाणांपैकी पांढरा ‘भीमा श्वेता’ या कामाचा नाही. ‘भीमा शक्ती’सारख्या लाल कांद्याची पत्तीच पाहावी लागेल.

पण दाह शमवायचा म्हणजे कुठला? कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत आणि अंग मुळातच ४१ अंशांच्या वर. दुपारी ती चोच उघडी टाकते, पंख अंगापासून सोडवून धरते आणि धापा टाकते. एरवी मिनिटाला २५-३० चालणारा श्वास दीडशेच्या पुढे जातो. उष्णता बाहेर टाकायची म्हणून रक्त कातडीकडे, तुऱ्याकडे वळतं आणि आतड्याला कमी पडतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल होतात. त्यातून जंतूंची विषारी द्रव्यं रक्तात झिरपली की शरीर लढाईला उठतं, तोच हा दाह, आणि या लढाईचा खर्च निघतो तो खाल्लेल्या मक्या-सोयाबीनमधून. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणाऱ्या खाद्याचा हिशेब, बिघडतो तो इथं.

कोंबडीच्या खाद्यात प्रतिजैविकं कशी आली ते कळायला इथं पिंपरीचा एक वळसा घ्यायलाच हवा. पिंपरीकर जिला नुसतं ‘एचए’ म्हणतात ती हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५५पासून पेनिसिलीन बनू लागलं, माणसांसाठी. त्याआधीच, १९५० साली, अमेरिकेत लेडर्ले कंपनीचे थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी एक नवल जाहीर केलं होतं. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी कोंबडीच्या पिल्लांना चारला. शोध चालला होता ब-१२ जीवनसत्त्वाचा, पण पिल्लं नुसत्या ब-१२वरच्यापेक्षाही भराभर वाढली. चोथ्यात औषधाचा अंश राहिला होता. तेव्हा फुकट मिळणारी पत्ती पाहून खेडच्या गृहस्थांना जे सुचलं, ते काही जगावेगळं नाही. खाद्यातल्या प्रतिजैविकांचीही सुरुवात टाकाऊ मालापासूनच झाली.

पुढे अनेक दशकं कोंबड्या चिमूटभर प्रतिजैविक खात वाढल्या. स्वीडननं १९८६ साली ते थांबवलं, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६पासून. भारतानं २०१९मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

या चिमटीनं जंतू मरतात म्हणून वाढ होते, असंच सगळे धरून चालले होते. २००७ साली थिओ निवोल्ड या संशोधकांनी मात्र वेगळं मांडलं. एवढ्याशा मात्रेत जंतूंचं फारसं बिघडत नसावं. हे औषध दाह पेटवणाऱ्या पेशींमध्ये साठतं, त्यांचा जोर कमी करतं, आणि लढाईवर जाणारं खाद्य वाचून अंगी लागतं. सर्वांना हे पटलेलं नाही. पण ते खरं असेल तर हळदीकडून किंवा पत्तीकडून प्रतिजैविकासारखे जंतू मारण्याची अपेक्षाच चुकीची ठरते.

आता पत्तीची दुसरी बाजू. चाळीतला कांदा हातात घेऊन वरची पत्ती सोलली की पुष्कळदा खालच्या पत्तीवर शिरांच्या रेषेत काळी भुकटी दिसते. बोटाला काजळीसारखी लागते. ही ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. तिच्या काही प्रकारांतून ओक्राटॉक्सिन तयार होतं आणि ते कोंबडीच्या मूत्रपिंडावर जातं. उन्हात वाळवून बुरशी थांबते, झालेलं विष जात नाही. मार्केटच्या ढिगात काळी पत्ती वेगळी कोण काढणार?

हिशेबही पाहावा. एक बॉयलर विकायला जाईपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. १ टक्का पत्ती धरली तरी ५,००० पक्ष्यांना पावणेदोन क्विंटल लागते, आणि पोतं शिगोशीग भरलं तरी पत्ती जेमतेम काही किलो. त्यात बहुतांश तंतू, कोंबडीला न पचणारे. तेवढा मका कमी झाला.

शिवाय शेड करारावरची असेल तर पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, आणि शेतकऱ्याची फक्त शेड, वीज अन् मेहनत. खाद्यात परस्पर काही मिसळलं आणि मरतुक वाढली की सुपरवायझर आधी त्याचंच नाव वहीत टिपतो. पत्तीचा काढा पाण्यातून द्यावा म्हटलं तर पाण्याच्या निपलच्या नळीत बुळबुळीत थर धरतो. ज्यांचं खाद्य स्वतःचं आहे त्यांनी स्वच्छ पत्ती निवडून, दळून, जाळीनं शंभर-शंभरचे दोन कप्पे करून पाहावं. एका कप्प्याला पत्ती, दुसऱ्याला नाही, आणि दर आठवड्याला दोन्हींचं वजन.

पडेल भावाच्या दिवसांत काही जण कांदाच जनावरांपुढे ओततात. ते मात्र करू नये. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी गाईच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते.

पत्राच्या शेवटी एक शंका होती : उग्रपणामुळे पिल्लं खाद्य सोडतील का? वाळक्या पत्तीत उग्रपणा फारसा उरत नाही. आणि कोंबडीचा तिखटाशी संबंधच निराळा. डेव्हिड ज्युलियस आणि स्वेन-एरिक योर्ड्ट या संशोधकांनी २००२ साली कोंबडीच्या मज्जातंतूंवरचा तो ग्राही तपासला, ज्याच्यामुळे माणसाला मिरची झोंबते. कोंबडीच्या ग्राहीवर मिरचीतल्या कॅप्सेसिनचा परिणामच होत नाही. उष्णता मात्र त्याला व्यवस्थित कळते. उंदराचा ग्राही माणसासारखाच. त्यामुळे खाद्यात मिरचीपूड असली की कोंबडी निवांत टिपत राहते आणि गोदामातला उंदीर तोंड पोळून घेतो.

हळद पुढच्या आठवड्यात. मध्येच मिरचीवर पत्रं आली नाहीत तर.