समुद्राखालून पेट्रोल

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरणाऱ्या दोस्त फौजांना इंधन पुरवण्यासाठी ब्रिटिशांनी इंग्लिश खाडीच्या तळाशी नळ टाकायची योजना आखली. नाव 'प्लूटो'. तेलवाहू जहाज बुडवता येते; तळाशी पडलेला नळ शोधून तोडणे अवघड. पण शत्रूसमोर तो टाकायचा तर झटपट.

दोन रीती पुढे आल्या. अभियंते ए. सी. हार्टली यांच्या कल्पनेतला 'हेस' हा तीन इंची शिशाचा नळ होता, वरून पोलादी तारांचे चिलखत. रचना समुद्री तारेसारखीच, म्हणून तार टाकणारी जहाजेच कामाला आली. शिसे मऊ, ते पाण्याच्या दाबाने चेपू नये म्हणून नळात आधीच दाबाखाली पाणी भरलेले असे.

दुसरा 'हॅमेल', साध्या पोलादाचा, जोड देऊन लांबवलेला. तो ताठ. पण पुरेशा मोठ्या व्यासाच्या पिंपावर तोही गुंडाळता येतो, हे हॅमिक आणि एलिस या अभियंत्यांनी ओळखले. मग प्रचंड तरंगती पिंपे बांधली आणि टगबोटींनी ती ओढत नेली, की नळ मागे उलगडत जाई. मला हीच कल्पना अधिक मोलाची वाटते: शिशाची टंचाई असताना स्वस्त पोलादावर काम भागले.

ऑगस्ट 1944मध्ये शेरबुर्गकडचे पहिले प्रयत्न फसले. पुढे इंग्लंडच्या डंजनेसहून फ्रान्सच्या बुलोनच्या बाजूला टाकलेल्या, अंतराने निम्म्याहून कमी असलेल्या वाहिन्यांनीच खरे काम केले. तरीही युरोपातल्या फौजांचे बहुतेक इंधन शेवटपर्यंत जहाजांनीच आले.