पाण्यावर तरंगलेले दाणे

2022 च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशी परात घेऊन थेट माझ्या वर्गात आल्या. परातीत पोषण आहाराचा तांदूळ भिजत होता आणि वर पाच-सहा पिवळसर दाणे तरंगत होते. "बाई, हेच ते. प्लॅस्टिकचा तांदूळ." त्यांच्या मागे दोन मुलांच्या आया उभ्या. एकीच्या मोबाईलवर व्हिडिओ चालू होता: कुणीतरी शिजलेल्या भाताचा गोळा करून फरशीवर आपटतं आणि तो चेंडूसारखा उसळतो. त्या दिवशी साठ मुलांपैकी चाळीस जणांनी खिचडीला हात लावला नाही.

हे मुळशीत घडावं याचं मला जास्त वाईट वाटलं. आमचा तालुका भाताचा. आषाढात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, झोडपणी. एका घरात आंबेमोहर शिजायला लागला की चौथ्या घराला कळतं. माझ्या सासूबाई सुपात तांदूळ घेऊन नुसत्या बोटांनी सांगायच्या, जुना आहे की नवा. त्याच गावात लोक तांदळाला भिऊन मुलांना उपाशी ठेवत होते.

व्हिडिओ कुठून आला म्हणून विचारत गेले. गावच्या ग्रुपवर तो टाकला होता माझ्याच एका विद्यार्थ्याने. दहावीला विज्ञानात 92 गुण, पुढे इंजिनिअर, आता हिंजवडीत एका कंपनीत. खाली त्याने स्वतः लिहिलं होतं, "मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, सर्वांनी काळजी घ्या." मी फोन केला. तो म्हणाला, "बाई, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलं होतं. सगळे शिकलेले लोक आहेत तिथे." त्याचा हेतू चांगला होता. शाळेत त्याचा भाचा शिकत होता आणि त्याला खरोखर काळजी वाटली होती.

संध्याकाळी दुसरा एक विद्यार्थी भेटला. हा दहावीला गणितात राहिला, मग पिरंगुटला प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या एका शेडमध्ये मशीनवर लागला. व्हिडिओ बघून त्याने लगेच मान हलवली. "बाई, आमच्याकडचा दाणा किलोला शंभरीच्या घरात जातो. रेशनच्या तांदळात तो कालवून कोणाला काय मिळणार? आणि दाणा रात्रभर पाण्यात ठेवला तरी फुगत नाही." दुसऱ्या दिवशी मूठभर दाणा त्याने कागदात बांधून आणूनही दिला.

मग आम्ही वर्गातच पाहायचं ठरवलं. तरंगलेले दाणे, साधा तांदूळ आणि पिरंगुटचा दाणा अशा तीन बशा मांडल्या. प्रत्येकीत टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब. स्टार्च असेल तिथे आयोडीन निळंकाळं होतं, हे आठवीच्या मुलांनी नुकतंच पाठ केलं होतं. साधा तांदूळ काळा पडला. तरंगणारे दाणे चुरडून त्यावर थेंब टाकले, तेही काळे पडले. प्लॅस्टिकवरचा थेंब तांबूसच राहिला. भाताचा गोळा उसळतो तोही या स्टार्चमुळेच. शिजल्यावर स्टार्च चिकट होतो, दाणे एकमेकांना धरतात, आत हवा अडकते. मुलांनी आंबेमोहराचा गोळा करून आपटला, तर तोही उसळला.

पण तरंगणारे दाणे वेगळे दिसत होते, हे खरंच होतं. मावशींची नजर चुकली नव्हती. तो पोषणतत्त्वं मिसळलेला तांदूळ होता. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब12 जीवनसत्त्व मिसळतात, ते पीठ यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात, वाळवतात आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात घालतात. हे दाणे रंगाने किंचित वेगळे असतात आणि काही पाण्यावर येतात. 15 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून 2024 पर्यंत सगळ्या सरकारी योजनांत असा तांदूळ देण्याची घोषणा केली होती. शाळा आणि अंगणवाड्या पहिल्या टप्प्यात होत्या. तांदूळ आमच्या दारात पोचला, पण तो वेगळा का दिसतो हे मावशींना बसवून कुणी सांगितलं नाही. त्या रिकाम्या जागेत व्हिडिओ येऊन बसला.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अशा तांदळाच्या पोत्यावर तेव्हा बारीक अक्षरांत एक सूचना छापायची अट होती: थॅलेसेमिया असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावा, सिकलसेल असलेल्यांनी खाऊ नये. पुढे तज्ज्ञांच्या समितीच्या अहवालानंतर ती अट काढली गेली. पण तेव्हा हा विचारण्यासारखा प्रश्न होता. आमच्या तालुक्यात कातकऱ्यांच्या, महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. सिकलसेल आदिवासी समाजांत जास्त आढळतो. आमच्या मुलांची तपासणी झाली आहे का, हे त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं. गावाने विचारलं ते प्लॅस्टिकबद्दल. मीसुद्धा प्लॅस्टिक नाही हे सिद्ध करून समाधानाने घरी गेले. खोट्या मेसेजने आमची काळजी चुकीच्या जागी खर्च केली, हे नुकसान मला उसळणाऱ्या गोळ्यापेक्षा मोठं वाटतं.

शिकलेला माणूस फसतो कसा, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. 2015 मध्ये अमेरिकेत लिसा फेझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास वाचनात आला. विद्यार्थ्यांना काही विधानं दाखवली, काही खरी, काही धडधडीत खोटी. त्यातलं एक असं, की स्कॉटलंडचे पुरुष नेसतात त्या चुण्यांच्या आखूड घागऱ्याला साडी म्हणतात. योग्य उत्तर ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही विधान दुसऱ्यांदा समोर आल्यावर ते जरा जास्त खरं वाटलं. पाहिलेली गोष्ट मन सहज वाचतं आणि त्या सहजपणालाच खरेपणा समजतं. माहिती डोक्यात असते, पण ती काढून ताडून बघायला मन थांबत नाही. आता एकच मेसेज दिवसात चार ग्रुपांवर येतो: सोसायटीचा, नातेवाइकांचा, शाळेच्या बॅचचा, भिशीचा. चौथ्या वेळी तो ओळखीचा झालेला असतो.

माझ्या अनुभवाने यात आणखी एक भर घालते. आपण मेसेज तपासत नाही, मेसेज पाठवणारा तपासतो. आत्याने पाठवलं, आत्या खोटं कशाला बोलेल? ती बोलतही नाही. तिने तिच्या जावयाचा विश्वास धरला, जावयाने ऑफिसातल्या साहेबांचा. साखळीतला प्रत्येक जण प्रामाणिक असतो आणि कुणीच तांदूळ पाण्यात टाकून पाहिलेला नसतो. त्यात शिकलेल्या माणसाचा हात लागला की मेसेजवर जणू शिक्का बसतो.

हे मी अनुभवाने सांगते, कारण तसा शिक्का मी मारलेला आहे. फेब्रुवारी 2020. कोरोना अजून पुण्यात यायचा होता. नात्यातल्या एका फार्मासिस्टने रात्री मेसेज पाठवला: कोंबड्यांत कोरोना सापडला, चिकन खाऊ नका. खाली एका मोठ्या रुग्णालयाचं नाव, सोबत माना टाकलेल्या कोंबड्यांचे फोटो. मी वाचलं, घाबरले आणि झोपण्याआधी गावच्या ग्रुपवर टाकलं. सकाळी ते गावभर झालं होतं आणि प्रत्येक जण एकच म्हणत होता, "बाईंनी टाकलंय."

आमच्या शेजारी एकाची पोल्ट्री होती. तीन हजार पक्ष्यांची शेड, स्वतःच्या कर्जावर उभी केलेली. ब्रॉयलरचं गणित दिवसांवर चालतं. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो, तेव्हा गाडी लागलीच पाहिजे. त्यानंतरचा प्रत्येक दिवस खाद्याचा खर्च. त्याचा लॉट नेमका तेव्हा तयार होता आणि व्यापारी दहा रुपये किलोलाही गाडी लावेना. अफवा काही माझ्या एकटीची नव्हती. राज्यभर, देशभर तेच चाललं होतं. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका शेतकऱ्याने हजारो पक्षी खड्ड्यात पुरले, ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली. चिकन सुरक्षित आहे असं पशुसंवर्धन विभाग सांगत राहिला, पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. विषाणू माणसाकडून माणसाला श्वासातून जातो आणि भारतीय पद्धतीने शिजवलेल्या रश्शात टिकू शकत नाही, एवढं मला जीवशास्त्राच्या शिक्षिकेला विचार केला असता तर सुचलं असतं. मी विचार केलाच नाही. फोटो तर दुसऱ्याच कुठल्या रोगाचे असणार, असं लसीकरणाला येणाऱ्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं.

शेजाऱ्याने शेवटी पक्षी वाटून टाकले. मी त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही काय मुद्दाम केलं का?" त्याच्या बायकोने चहा केला. मी ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज टाकला, तो मोजक्या जणांनी वाचला आणि पुढे कुणीच पाठवला नाही. मग दोन दिवस मी घरोघरी जाऊन सांगितलं. शेड त्यानंतर दीड वर्ष रिकामी राहिली.

अफवा तेवढ्यावर थांबत नाही, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारले. पोरं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज कितीतरी दिवस फिरत होते. त्या वर्षी देशभर पसरलेली एक क्लिप, मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्यांची, मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. राईनपाड्याचे लोक अडाणी, म्हणून असं झालं, असं पुण्यातले माझे काही नातेवाईक म्हणाले. पण ते मेसेज शहरांतल्या ग्रुपांवरूनही तितकेच फिरत होते.

मोबाईल नव्हते तेव्हाही हे होत होतं. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी पहाटे दिल्लीहून निघाली आणि नुसत्या टेलिफोनवर त्याच दिवसात लंडनपर्यंत पोचली. चमच्याच्या काठाला मूर्ती टेकली की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हा ओघळ दाखवला. मी तेव्हा नोकरीला नवी होते. आमच्या शिक्षकखोलीतले पाच जण मधल्या सुट्टीत चमचा घेऊन देवळात गेले होते, त्यांत मी होते.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. मी गावातल्या बायकांना ते दोन बाण ओळखायला शिकवते. दोन बाण म्हणजे हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाही आणि ते बऱ्याच हातांतून आलंय. सोन्याची पाटली कुणी अशी दहा हातांतून आणून दिली तर आपण सोनाराकडे जाऊन कस लावून बघतो, एवढं सांगितलं की त्यांना पटतं.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र. ताम्हिणीत पावसाचा जोर होता. 2024 च्या जुलैत तिथे एका दिवसात 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, तेव्हापासून जोर वाढला की नदीकाठची घरं जागी राहतात. साडेदहाला ग्रुपवर क्लिप आली: धरणाच्या भिंतीतून पाणी उसळतंय, मुळशी धरणाला तडा गेला, पळा. या जिल्ह्यात 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्याचं घराघरांत सांगितलं जातं, त्यामुळे असं वाक्य इथे कुणी हसण्यावारी नेत नाही. मलाही हसू आलं नाही. दार वाजलं. पोल्ट्रीवाला शेजारी होता, अंगावर इरलं, हातात बॅटरी. "बाई, हे खरंय का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "बघू."

क्लिप मोठी करून पाहिली. कोपऱ्यात एका पाटीवर तेलुगू अक्षरं होती. तरी तेवढ्यावर सोडवेना, कारण क्लिप जुनी असली म्हणून आज विसर्ग वाढलेला नाही असं होत नाही. पौडला तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. पाच वेळा लागला नाही, सहाव्यांदा लागला. धरण सुरक्षित आहे, पण पहाटे विसर्ग वाढवणार आहेत, नदीतल्या मोटारी काढून घ्या, असं उत्तर मिळालं. मी ते फोनची वेळ घालून ग्रुपवर टाकलं.

मग आम्ही नदीवर गेलो. त्याने दोरी धरली, त्याच्या मुलाने पाण्यात उतरून मोटारीचे बोल्ट ढिले केले, मी बॅटरी धरून उभी राहिले. काठावर ओळखीचा एक खडक आहे, तो अर्धा पाण्याबाहेर होता. वरच्या अंगाला आणखी तीन-चार बॅटऱ्या हलताना दिसत होत्या. बाकीचेही मोटारी काढायला आले होते.