युरेनियाचा आरसा : छिद्रांतून दिसणारे आकाश

नोव्हेंबर 1824 मध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील सॅम्युएल ली या प्रकाशकाने एक अभिनव वस्तू विक्रीस आणली. सुंदर चित्र लावलेल्या पेटीत जाड कागदाची 32 कार्डे होती. प्रत्येक कार्ड सुमारे 8 इंच लांब आणि साडेपाच इंच रुंद. कार्डांवर सिंह, वृषभ, विंचू, गदा उगारलेला व्याध अशा आकृती कोरीव ठशांनी छापलेल्या होत्या. ज्यांना अधिक खर्च परवडत असे त्यांच्यासाठी हातांनी रंगविलेला संचही होता. या संचाचे नाव ‘युरेनियाज मिरर’, अर्थात युरेनियाचा आरसा. ग्रीक पुराणांत युरेनिया ही खगोलविद्येची देवता मानली आहे.

आकाशाचे सचित्र नकाशे युरोपात त्यापूर्वी दोनशे वर्षांपासून छापले जात होते. या संचाचे वैशिष्ट्य निराळे होते. कार्डावर जेथे तारा आहे तेथे कागदाला आरपार छिद्र पाडलेले असे. तेजस्वी ताऱ्यासाठी मोठे छिद्र, मंद ताऱ्यासाठी लहान. दिवसा मुलाने चित्र पाहावे, आकृती ओळखावी. रात्री तेच कार्ड दिव्यासमोर धरावे, म्हणजे चित्र काळोखात विरते आणि केवळ प्रकाशाचे ठिपके उरतात. मग गच्चीवर किंवा अंगणात जाऊन तेच ठिपके आकाशात शोधावेत. आकृतीवरून ठिपक्यांकडे आणि ठिपक्यांवरून ताऱ्यांकडे, असा हा पाठ होता. मंदिरांत अढीद्वीपाचे चित्रपट पाहिलेल्या आपल्या वाचकांना चित्रातून लोकरचना शिकविण्याची रीत परकी वाटणार नाही. दिव्याचा असा उपयोग मात्र नवलाचा खरा.

मराठी वाचकाला या कार्डांवर आपल्या ओळखीची अनेक नक्षत्रे निराळ्या वेषात भेटतात. वृषभाच्या डोळ्याचे छिद्र म्हणजे आपली रोहिणी, आणि त्याच्या खांद्यावरचा पुंजका कृत्तिकांचा. सिंहाच्या हृदयाशी मघा, कन्येच्या हातातील कणसात चित्रा, विंचवाच्या छातीत ज्येष्ठा. सप्तर्षी तेथे एका मोठ्या अस्वलाच्या पाठीवर आणि शेपटीवर विराजमान आहेत. काही आकृती तर आज आकाशातून बादच झाल्या आहेत. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांद याने 1799 मध्ये मांजरावरील प्रेमापोटी आकाशात एक मांजर बसविले, ते येथे आहे. इंग्लंडच्या राजाच्या गौरवार्थ कल्पिलेली वीणा आहे, हर्शेलची दुर्बीण आहे, एक घुबडही आहे. 1922 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने 88 तारकासमूह निश्चित केले, तेव्हा या मंडळींना जागा उरली नाही. राजाची खुशामत आकाशात फार काळ टिकत नाही, एवढे यावरून दिसते.

ठसे कोरले सिडनी हॉल या नामांकित कोरक्याने. सोबतचे माहितीपुस्तक जेहोशाफाट ॲस्पिन याने लिहिले. माल उत्तम होता, याविषयी दुमत नाही. परंतु विक्रीसाठी जे सांगितले गेले त्याचा हिशेब तपासू लागले की नोंदी जुळत नाहीत.

पहिली नोंद जाहिरातीची. ब्रिटिश साम्राज्यातून दिसणारे सर्व तारकासमूह यात आहेत, असा आरंभी दावा होता. साम्राज्यात तेव्हा मुंबई आणि पुणेही होते. ध्रुवतारा लंडनच्या क्षितिजापासून सुमारे साडेएक्कावन्न अंश उंच दिसतो, मुंबईत केवळ एकोणीस अंश. त्यामुळे लंडनकरांना कधीही न दिसणारे दक्षिणेचे तारे आपल्याकडे सहज दिसतात. अगस्त्य त्यांतलाच, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजाजवळ उभा राहणारा त्रिशंकूही. त्रिशंकूला या संचात स्वतंत्र कार्ड नाही, आणि दक्षिणेचे इतर काही समूहही गळले आहेत. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी जाहिरातीतील ‘साम्राज्य’ निघून ‘ग्रेट ब्रिटन’ आले. ही दुरुस्ती प्रामाणिकपणाची म्हणावी लागेल. त्या आवृत्तीत आणखी एक सुधारणा झाली. पूर्वी आकृतीच्या भोवतीचा भाग कोरा होता, त्यामुळे शेजारच्या ताऱ्यांवरून दिशा लावणे शिकणाऱ्याला अवघड जाई. आता शेजारचे तारेही छापण्यात आले.

दुसरी नोंद भांडवलाची. बहुतेक आकृती अलेक्झांडर जेमिसन याच्या 1822 च्या खगोलीय नकाशासंग्रहावरून जवळजवळ जशाच्या तशा उचललेल्या आहेत. वर उल्लेखिलेले घुबड जेमिसननेच प्रथम आकाशात आणले होते. इतके ठळक चिन्ह मागे ठेवून केलेली उचल लपणार तरी कशी?

तिसरी नोंद कर्त्याची, आणि ती सर्वांत विलक्षण. ही कार्डे एका स्त्रीने रचली, एवढेच सांगण्यात आले होते. नाव दिले नाही. पुढे अनेकांनी तर्क केले. कोणी कॅरोलिन हर्शेलचे नाव घेतले, कोणी मेरी सॉमरव्हिलचे. या दोघींपैकी कोणाचाही संबंध सिद्ध झाला नाही. अखेर 1994 मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ग्रंथपाल पीटर हिंग्ली यांना संस्थेच्या जुन्या दप्तरात सभासदत्वाचा एक प्रस्ताव आढळला. त्यात उमेदवाराची ओळख ‘युरेनियाज मिरर’चा कर्ता अशी करून दिली होती. उमेदवार होते रेव्हरंड रिचर्ड राउस ब्लॉक्सम, रग्बी येथील प्रसिद्ध शाळेतील साहाय्यक शिक्षक.

बाजारात स्त्रीचे नाव सांगायचे आणि विद्वानांच्या सभेत मान आपण घ्यायचा, असा हा दुहेरी हिशेब दिसतो. त्या सभेत तर 1916 पर्यंत कोणत्याही स्त्रीला सर्वसाधारण सभासद म्हणून प्रवेशच नव्हता. ब्लॉक्सम यांनी नाव का लपविले असावे? जेमिसनची उचल उघडी पडण्याचे भय, हे एक कारण संभवते. शाळेतील पदाची बूजही असू शकेल. त्यांची पत्नी मात्र सर टॉमस लॉरेन्स या विख्यात चित्रकाराची भगिनी होती, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते. घरात चित्रकलेचा वारसा असलेली एक स्त्री खरोखरच होती. तिचा या कार्डांत हात होता असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून कोणाच्या खाती काही जमा करता येत नाही.

सिडनी हॉलची ही कार्डे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येतात. वृषभाचे कार्ड जाड कागदावर छापून घ्यावे, ताऱ्यांच्या जागी बारीक सुईने आणि रोहिणीच्या जागी थोड्या जाड दाभणाने छिद्र पाडावे. जानेवारीच्या संध्याकाळी रोहिणी डोक्याच्या आसपास असते, आणि तिचा तांबूस रंग शहरातल्या गच्चीवरूनही ओळखता येतो.